फुंकर मोजणाऱ्या डॉक्टरबाई

आमच्या खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरबाईंनी वसईपासून विरारपर्यंत माणसांना जितकं फुंकायला लावलं, तेवढी हवा एकत्र केली असती तर अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरचं एखादं गलबत शिडं फुगवून थेट आफ्रिकेला लागलं असतं. ही अतिशयोक्ती आहे असं ज्यांना वाटेल, ते नव्वदच्या दशकात बोळिंजला राहत नसावेत. बाईंच्या पर्समध्ये कंगवा नसायचा, रुमाल नसायचा, पण श्वासाचा जोर मोजायची प्लॅस्टिकची नळी आणि तिला लावायची पुठ्ठ्याची कोरी तोंडं मात्र डझनाने असायची. कोणी भेटलं, की ख्यालीखुशाली विचारायच्या आत नळी पुढे. आमच्या सोसायटीतल्या एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या मामांना अंतरपाट धरायच्या आधी तीनदा फुंकायला लावलं होतं. “अहो, एवढ्याने वाढदिवसाची मेणबत्तीसुद्धा विझायची नाही! छाती भरून घ्या आणि एकदम सोडा.” मामांनी सोडला. फेटा खाली आला. बाईंनी आकडा लिहून घेतला आणि मगच मंगलाष्टकं सुरू झाली.

बाई मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात छातीच्या विकारांच्या डॉक्टर होत्या. पन्नाशीच्या, एकट्या, अंगाने काडी आणि आवाजाने नगारा. आमच्या पट्ट्यातल्या किती मुलांना दमा आहे, तो कशाने बळावतो आणि त्यावर लोक खरोखर कोणतं औषध घेतात, हे शोधून काढायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. सुट्टीचा दिवस उजाडला की खांद्याला पिशवी अडकवून त्या निघत. गल्लीतल्या पोरांनी त्यांचं नाव ‘फूबाई’ ठेवलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

कोणाच्या घरी गेल्या की बाई आधी माणसांकडे बघतच नसत. गादी उचलून खाली बघत, उशी हुंगत, भिंतीवरच्या ओलीवर बोट फिरवत आणि चहा येईपर्यंत निम्मी अंथरुणं गच्चीत उन्हाला घालून येत. एका गणपतीत त्या आमच्याकडे आल्या, मनोभावे नमस्कार केला आणि धुपाटणं उचलून सरळ बाल्कनीत नेऊन ठेवलं. माझ्या सासूबाई मागोमाग धावल्या. बाई म्हणाल्या, “आजी, बाप्पाला एवढी लांब सोंड आहे. किती धूर जात असेल बिचाऱ्याच्या छातीत!” सासूबाईंनी वर्षभर तो राग धरला, पण पुढच्या गणपतीत धूप बाल्कनीतच लावला.

वालीवच्या कारखानदारांना त्या कुठल्याशा खात्याच्या तपासनीस वाटत. त्यांना पाहून शटर खाली ओढणारेही होते. तिथल्या एका रंगकाम करणाऱ्या माणसाने त्यांना सांगितलं की सुट्टीच्या दिवशी छाती मोकळी असते आणि कामावर आलं की दाटते. महिनाभर बाईंनी त्याच्याकडून रोजचे आकडे लिहून घेतले आणि ते मालकासमोर पसरून तिथेच स्टुलावर ठाण मांडून बसल्या. संध्याकाळपर्यंत त्याची बदली पॅकिंगला झाली होती. “मालक चांगला होता,” बाई नंतर म्हणाल्या. “फक्त त्याला बसून सांगणारं कोणीतरी पाहिजे होतं.”

त्यांची सगळ्यात मोठी फजिती केली ती त्यांच्याच छापील फॉर्मने. त्यात प्रश्न होता, ‘छातीत शिट्टी वाजते का?’ शाळेत तो वाचून दाखवल्यावर मागच्या बाकांवरून खरोखरच्या शिट्ट्या वाजल्या, आणि एका बापाने बाणेदारपणे लिहून दिलं, ‘आमच्या घरात असले प्रकार चालत नाहीत.’ गिरीजला केळीच्या वाडीत काम करणारी एक म्हातारी मात्र म्हणाली, “शिट्टी नाय वाजत गो बाय. पन छातीत मांजर गुरगुरतं, त्याला काय करू?” बाई वाडीतून परतल्या त्या लॉटरी लागल्यासारख्या. सगळे फॉर्म त्यांनी रद्दीत घातले आणि घरोघर फिरून दम्याला लोक काय काय म्हणतात ते गोळा करायला बसल्या. रुग्णालयातले सहकारी हसले, साहेब चिडले, वर्षाचं काम पाण्यात गेलं. बाई म्हणाल्या, “प्रश्नच त्यांना कळला नाही, तर त्यांचं उत्तर घेऊन मी काय करू?”

नवा फॉर्म माझ्या मुलीच्या शाळेतून आमच्या घरी आला. मुक्ता तेव्हा अकरा वर्षांची होती. सकाळी उठली की खोकायची, जिना चढली की धापा टाकायची. सासूबाई म्हणत, पोरीच्या जातीला असलं नाव चिकटलं की पुढे जमायचं कठीण. आणि दम्याचा तोंडात फवारायचा पंप एकदा लागला की जन्मभर सुटत नाही. फॉर्मवर सगळीकडे मी ‘नाही’ लिहिलं आणि सही केली.

दोन दिवसांनी बाई तोच फॉर्म घेऊन वर आल्या. मी मनात म्हटलं, आता काही माझी धडगत नाही. त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि कधी नव्हे इतक्या हळू आवाजात म्हणाल्या, “अगं, मी बरोबर तुमच्या खाली राहते. तुझं ‘नाही’ मला रोज सकाळी ऐकू येतं.”

मी रडायला लागले. त्यांनी एक शब्दही सुनावला नाही. मुक्ताला जवळ घेऊन नळी तिच्या हातात दिली आणि सकाळ-संध्याकाळ फुंकून आकडा वहीत लिहायचं काम तिला लावलं. तीन आठवड्यांनी वहीत संध्याकाळी डोंगर आणि सकाळी दरी असं चित्र दिसायला लागलं. हाच दमा, त्यांनी समजावलं. दवाखान्याच्या वेळेला छाती साफ लागते आणि सगळे फसतात. मुक्ताला रोजचा पंप सुरू झाला. दोन महिन्यांत ती जिना पळत चढू लागली.

आणि मग मी तो बंद केला. पोर बरी आहे, कशाला सवय लावायची? बाईंना सांगितलं नाही.

डिसेंबरात शाळेच्या क्रीडादिनी मुक्ता धावायला उभी राहिली. अर्ध्या मैदानात ती थांबली, गुडघ्यांवर हात टेकून वाकली आणि तिला श्वास घेता येईना. ओठ पांढरे पडले. मी नुसती तिचं नाव घेत होते. नेमक्या त्याच दिवशी बाई शाळेत फॉर्म गोळा करायला आल्या होत्या. साडीचा काचा मारून अनवाणी धावत आलेल्या बाई मला अजून दिसतात. कोणाच्या तरी हातातली सरबताची प्लॅस्टिकची बाटली त्यांनी हिसकावली, रिकामी केली, बुडाला कात्रीने भोक पाडलं, त्यात पर्समधला पंप बसवला आणि बाटलीचं तोंड मुक्ताच्या ओठांना लावलं. “माझ्याकडे बघ, राजा. घाई नाही. घे... सोड. परत घे...” एकेक फवारा. दहा-पंधरा मिनिटांनी मुक्ताच्या ओठांवर रंग आला, आणि बाई तिला मांडीवर घेऊन रिक्षात बसल्या ते दवाखान्यात पोचेपर्यंत त्यांनी तिला सोडलं नाही.

दवाखान्याच्या बाकावर मी कबूल केलं. “बाई, मी पंप बंद केला होता.”

त्यांनी चष्मा पुसला. “चूक माझी. कसा घ्यायचा ते सांगितलं. बरं वाटल्यावरसुद्धा का घ्यायचा, ते सांगायला पाहिजे होतं.” पुढच्या फॉर्ममध्ये एक नवा प्रश्न आला: ‘औषध थांबवलं असल्यास का?’ आणि हाताखालच्या लोकांना त्यांची सक्त ताकीद होती, की उत्तरात ‘निष्काळजीपणा’ लिहायचं नाही. खरं कारण मिळेपर्यंत बसून राहायचं.

महिन्याभराने शाळेत त्यांनी आयांची सभा घेतली. कोणाच्या मुलाला दमा आहे असं विचारलं, तर सगळ्या माना खाली. मला काय झालं कोण जाणे, मी उठले आणि म्हणाले, “माझ्या मुलीला दमा आहे. फॉर्मवर मी खोटं लिहिलं होतं.” मग मागून एक हात वर झाला, मग आणखी एक, आणि सभा संपल्यावर बाईंच्या टेबलाशी आपापले फॉर्म परत मागणाऱ्या बायकांची रांग लागली. बाई प्रत्येकीला कोरा फॉर्म देत होत्या आणि नाक ओढत होत्या. “धूळ फार आहे इथे,” असं त्यांनी मला दोनदा सांगितलं.

काही वर्षांनी बाई निवृत्त झाल्या आणि भाचीकडे कोल्हापूरला जायला निघाल्या. सामान पुढे गेलं होतं. रिकाम्या खोलीत दोन खोकी तेवढी उरली होती. मी उपमा घेऊन खाली गेले. त्या खात होत्या आणि मी बघत होते. मुक्ताच्या तब्येतीसाठी मी या दाराची बेल शेकडो वेळा वाजवली होती, पण बाईंना कशाची आवड आहे, सणासुदीला त्या काय करतात, याची मी कधी साधी चौकशी केली नव्हती. म्हटलं, “बाई, तुम्हाला काय होतं? म्हणजे, तुमचं स्वतःचं?”

बाईंनी चमचा बशीत ठेवला. मग अगदी विचार करून त्या म्हणाल्या, “गुडघे दुखतात. आणि संध्याकाळी घरी आल्यावर थोडा वेळ जरा रिकामं वाटतं. फार नाही गं. दिवा लावेपर्यंत.”

खाली रिक्षा येऊन उभी राहिली. मी खिडकीतून रिक्षावाल्याला थांबायला सांगितलं, दुसऱ्या खोक्यावर बसले आणि म्हटलं, “सांगा.” त्या लहानपणच्या पंचगंगेच्या घाटाबद्दल बोलू लागल्या. रिक्षावाल्याने दोनदा भोंगा वाजवला. दोन्ही वेळा मी त्याला थांबवलं.