तळातली फळी

माझ्या नवऱ्याला, नितीनलाही, हे ठाऊक नाही. तुम्हाला सांगतेय, कारण... खरं तर का, ते मलाच नीट कळत नाही.

२००४ साल. आम्ही अमेरिकेत, श्रूजबरीला राहायचो. मी नागपुरात वाढलेली, पाण्याला घाबरणारी — आणि मला शिडाच्या होडीचं वेड लागलं! नितीन म्हणाला, "फायबरग्लासची घे, यार. धुतली की झालं. लाकूड मेंटेन कोण करणार?" त्याचं बरोबरच होतं. फायबरग्लास कुजत नाही, दरवर्षी रंग मागत नाही. महिनाभर माझं काही ठरेना.

मग शेजारचे वॉल्टर आले. पंच्याहत्तरीचे, आयुष्यभर सुतारकाम केलेले, बायको गेल्यापासून अबोल झालेले. त्यांनी सीडरच्या लाकडाची एक फळी माझ्या हातात दिली. "वास घे," म्हणाले. बस्स, ठरलं.

दोन हिवाळे आमच्या गराजमध्ये काम चाललं. रंधा कसा धरायचा, लाकडाचे रेषे कुठे वळतात, कधी थांबायचं — सगळं त्यांनी शिकवलं. कधी आवाज चढवला नाही. बाबा गेले तेव्हा व्हिसापायी मला भारतात जाता आलं नाही. त्या आठवड्यात वॉल्टर रोज यायचे, माझ्या शेजारी बसून पॉलिश पेपर घासायचे. इतकं कोण करतं कुणासाठी?

आणि मी काय केलं?

एका दुपारी ते मोतीबिंदूच्या तपासणीला गेले होते. मी घाईत होते. स्क्रूच्या आधी ड्रिलनं भोक पाडायचं, हे त्यांनी शंभरदा सांगितलेलं. मी सरळ स्क्रू पिळला. तळातली फळी उभी चिरली. बदलायची तर आठवडा गेला असता. मी चिरेत पुट्टी भरली, वरून रंग दिला — आणि गप्प बसले.

जूनमध्ये वॉल्टरनी आणि मी तळ्यात होडी सोडली. शिडात वारा भरला आणि तळातून पाणी आलं. भिजत, वल्ही मारत कसेबसे काठाला लागलो. वॉल्टर स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. "माझे डोळे गेले," म्हणाले. "सांधा माझ्याकडूनच चुकला."

तेव्हा बोलायला हवं होतं ना? तोंडाशी आलंही होतं. मी म्हटलं, "इट्स ओके, वॉल्टर."

पुढच्या आठवड्यात त्यांनी आपले सगळे रंधे मला आणून दिले. आता लाकडाला हात लावणार नाही, म्हणाले. मी थँक यू म्हणून ठेवून घेतले. ते लेकीकडे राहायला गेल्यावर गुपचूप ती फळी बदलली. होडी अजून चालते. तिच्यात बसून मी जितकी सुखी झालेय, तितकी क्वचितच कुठे झाले असेन — आणि ते सुख वॉल्टरनी दिलेलं आहे.

वॉल्टर वारले, त्याच्या थोडं आधी त्यांचं पत्र आलं. अक्षर थरथरतं. ते दोन हिवाळे फार चांगले गेले, असं लिहिलं होतं. आणि खाली — तुझी होडी मी बिघडवली, मला माफ कर.

मी उत्तर पाठवलं. माफ केलं, असं लिहिलं.