नानांनी जपलेले मासे

नानांच्या घरात कुठलीही वस्तू एकटी नसे. चष्मे दोन, छत्र्या तीन, आणि दाराच्या किल्ल्या तर गावभर वाटलेल्या. एक आमच्याकडे, एक कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत आणि एक थेट लांज्याला, बहिणीकडे. "नाना, दार इथे मांडवीत आणि किल्ली लांज्याला, उपयोग काय?" असं मी एकदा विचारलं. नाना शांतपणे म्हणाले, "मांडवीत समुद्र शिरला तरी लांज्याची किल्ली कोरडी राहील गो." समुद्र शिरल्यावर हे कुठलं दार उघडणार होते, ते मी विचारलं नाही. नानांशी वाद घालायचा तर अख्खी दुपार मोकळी लागायची.

एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये त्यांची सगळी नोकरी गेली. वाळवी, दमट हवा आणि साहेब हे कागदाचे तीन शत्रू, असं ते सांगत. वाळवीला निदान औषध आहे, असंही सांगत. निवृत्त झाल्यावर जपायला काही उरलं नाही म्हणून ते बेचैन होते आणि अंगणातल्या झावळ्यांवर नंबर घालायचे तेवढे बाकी होते. त्याच सुमारास त्यांची शेजारीण, म्हणजे मी, एनएफटीच्या, म्हणजे चित्रं इंटरनेटवर मालकीच्या नोंदीसकट विकायच्या, नादाला लागले. नानांना आयतंच काम मिळालं.

मी माशांची चित्रं काढते. नथ घालून घासाघीस करणारी सुरमई, पेन्शनीच्या रांगेतलं पापलेट, शेजारणींच्या भांडणात कान देऊन बसलेला बांगडा. सगळं लॅपटॉपवर काढलेलं, कागदावर एक रेघ नाही. ही चित्रं टोकन करून विकायला लागल्यावर मी नानांना ऐटीत सांगितलं, "ब्लॉकचेनवर नोंद आहे. जगात कुणाला पुसता येणार नाही."

"नोंद पुसता येणार नाही. आणि चित्र?"

मी त्यांना समजावलं, की चित्र फार मोठं असतं, म्हणून ब्लॉकचेनच्या साखळीवर फक्त टोकनचा नंबर, मालक आणि एक पत्ता असतो. त्या पत्त्यावर एक छोटी फाईल असते, तिला मेटाडेटा म्हणतात. त्यात चित्राचं नाव, वर्णन आणि खुद्द चित्र कुठे आहे त्याचा आणखी एक पत्ता.

"म्हणजे रजिस्टर लोखंडी कपाटात, आणि दप्तर कुठल्या तरी पडवीत," नाना म्हणाले. "पडवी कोण सांभाळतो?"

"कंपनी."

"आणि कंपनीला कोण सांभाळतो?"

मी चहा टाकायला आत गेले.

एक गोष्ट मात्र त्यांना मनापासून आवडली. माझ्या फायलींचा पत्ता त्या फायलीतूनच तयार व्हायचा, तिचा बोटाचा ठसा असावा तसा. चित्रातला एक ठिपका बदलला तरी ठसा बदलतो, म्हणजे चोरून फेरफार करायची सोय नाही. "झकास! साहेबालासुद्धा खाडाखोड करता यायची नाही," म्हणून नानांनी मांडीवर थाप मारली. लगेच दुसऱ्या घोटाला कपाळाला आठी. "पण ठशावरून माणूस ओळखता येतो गो, हरवलेला परत आणता येत नाही. मूळ फाईल कुणीतरी राखायला हवी."

नानांचा माझ्यावर भरवसा नव्हताच. विकून झालेल्या बांगड्याचा डोळा मला जरा तिरका वाटला, तो गुपचूप सुधारून नवी फाईल चढवावी असं माझ्या मनात होतं. टोकनला तेवढी पळवाट मी मुद्दाम ठेवली होती. बोलता बोलता ते तोंडातून निसटलं आणि नाना खवळले. "घेणाऱ्याने तिरका डोळा बघून घेतलान ना? मग तो डोळा आता त्याचा. कर बंद ती वाट, माझ्यासमोर." मी मेटाडेटा कायमचा गोठवला. त्यासाठी टोकनं ठेवायच्या डिजिटल पाकिटाचे गुप्त शब्द घालायची वेळ आली, तेव्हा नाना खुर्ची वळवून भिंतीकडे तोंड करून बसले, वर डोळेही मिटले. "मला ठाऊकच नसलं की माझ्याकडून फुटणार काय?" भिंतीला सांगितल्यासारखे ते बोलले. मला हसू आवरेना.

शेवटी त्यांच्या कटकटीला कंटाळून मी सगळे मासे, माहितीच्या फायलींसकट, एका पेन ड्राइव्हवर भरून त्यांच्या हातात ठेवले आणि विसरून गेले.

पुढच्या पावसाळ्यात खाऱ्या हवेने माझा लॅपटॉप गिळला. मी काही घाबरले नाही, मासे कंपनीकडे सुखरूप होते. मग कंपनीच बंद पडली. आपापल्या फायली काढून घ्या, अशी तिची तीन पत्रं माझ्या मेलमध्ये जाहिरातींच्या ढिगात न वाचता पडली होती. एका सकाळी पाहते तर सगळ्या टोकनांवर करडे चौकोन. नोंद शाबूत, मालक शाबूत, मासा गायब. परदेशात राहणाऱ्या मूळच्या राजापूरच्या एका बाईंनी लिहिलं, "माझी सुरमई कुठे गेली हो? ती बघून मला आईची आठवण यायची." पैसे परत करता आले असते, सुरमई कुठून आणणार होते? तसाच मासा पुन्हा काढला असता तरी ठसा जुळला नसता.

नानांनी कपाट उघडलं ते वरबापाच्या थाटात. दमट हवा लागू नये म्हणून तांदळाच्या डब्यात पुरलेला पेन ड्राइव्ह निघाला. माझ्या नव्या लॅपटॉपवर चित्रं उघडली, सगळी होती! मी आनंदाने ओरडले आणि ठसे ताडून पाहायला बसले. एकाही चित्राचा ठसा जुळत नव्हता. मोठं करून पाहिलं तेव्हा कळलं. प्रत्येक माशाच्या शेपटीखाली, कोपऱ्यात, मुंगीएवढ्या आकड्यांत आवक क्रमांक घातलेला होता.

"दप्तरात आलेल्या कागदावर नंबर नको? गिरणीतल्या कॉम्प्युटरवर बसून एकेक घातला," नाना म्हणाले, आणि म्हणतानाच त्यांना उमगलं. एक ठिपका बदलला तरी. मांडीवर थाप मारणारे ते हेच. ते पलंगावर टेकले. "सबंध नोकरीत कागदाला ओरखडा येऊ दिला नाही मी," ते म्हणाले. "आणि तुझे मासे माझ्याच हाताने घालवले." मला खरं तर भयंकर राग आला होता, पण त्यांच्याकडे पाहून तो कुठे गेला कळलं नाही.

मग नाना एकदम उठले. "लांजा! नंबर घालायच्या आधी एक प्रत दुसऱ्या पेन ड्राइव्हवर आक्काकडे दिलेली मी. मूळ प्रत आधी गावाबाहेर, हाताळायची ती मागाहून!" आम्ही मिळेल त्या एसटीने लांजा गाठलं. आक्का काजूगर निवडत बसल्या होत्या. भावाने जिवापाड जपायला दिलेली वस्तू म्हणून त्यांनी पेन ड्राइव्ह देव्हाऱ्यात ठेवला होता, आणि रोज पूजा चालू होती. त्याला हळद, कुंकू आणि बहुधा थोडं दूधही लागलं होतं. मी तो दात घासायच्या ब्रशने साफ करत असताना नाना देवासमोर हात जोडून उभे. नेमका कुणाला नमस्कार चालला होता, सांगता येणार नाही.

पहिला ठसा जुळला. दुसरा जुळला. शेवटच्या माशापर्यंत सगळे जुळले. त्याच फायली मी पुन्हा इंटरनेटच्या जाळ्यावर चढवल्या, या खेपेला तीन वेगवेगळ्या ठिकाणी, आणि ठसा तोच म्हणून पत्ताही तोच, त्यामुळे टोकनांवरचे जुने पत्ते आपोआप जागे झाले. कुणाची परवानगी लागली नाही, अर्ज लागला नाही. राजापूरच्या बाईंनी कळवलं, "सुरमई आली. नथीसकट." ते वाचून दाखवलं तेव्हा नानांनी तोंड फिरवलं आणि चष्मा पुसत बसले, दोन्ही चष्मे.

गेल्या शिमग्याच्या आधी नाना गेले. थोडंसं आजारपण झालं, कुणाला धावपळ करायला लावली नाही. मला फार जड गेलं. अजूनही नवी फाईल झाली की मी त्यांच्या अंगणाकडे बघते.

पेन ड्राइव्हही म्हातारा होतो, म्हणून लांज्याचा तो आणून नव्यावर नक्कल करावी असं ठरवून मी महिन्याभराने आक्कांकडे गेले. त्या ऐकेनात.

"नानाने सांगितलान हाय, मी स्वतः आल्याशिवाय कुणाच्या हातात देऊ नको."

"आक्का, पण नाना आता..."

"तो गेला ते मला ठाऊक नाय काय? भाऊ माझा होता. पण सांगितलान ते सांगितलान."

शेवटी मी नवा लॅपटॉप तिथेच ओटीवर उघडला. आक्कांनी पेन ड्राइव्ह स्वतःच्या हाताने लावला आणि नक्कल होईस्तोवर त्यावर बोट ठेवून बसल्या. मग काढून, पदराला पुसून, पुन्हा देवापुढे नेऊन ठेवला.

"सगळे आहेत ना गो?" त्यांनी आतूनच विचारलं.

मी एकेक मासा उघडून पाहिला. "सगळे आहेत, आक्का."

आक्का बाहेर आल्या, काजूगरांचं सूप पुढे ओढलं आणि म्हणाल्या, "तोच काय तो नाय."