सुभेदारांच्या अंगातला अणू

मरणाला न भिणारा माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे आमच्या शेजारचे निवृत्त सुभेदार. ते भीत फक्त भेटायला येणाऱ्यांना. प्रोस्टेटचा कॅन्सर निघाल्यापासून शिराळ्यापर्यंतचे पाहुणे बिस्किटपुडे आणि सल्ले घेऊन येत होते.

रोग हाडांत पसरलाय का, हे पाहायला सांगलीत त्यांचं स्कॅन झालं. त्यासाठी शिरेतून किरणोत्सारी औषध देतात. डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंत लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून लांब राहायला सांगितलं. सुभेदारांनी ती बंदी सगळ्या गल्लीला लावली आणि रिपोर्ट येईपर्यंत वाढवली.

"थांबा तिथंच. अंगात अणू हाय."

"आवं, पण बरं हाय न्हवं?"

"मला हाय. तुमचं सांगता येत न्हाई."

पुडे फाटकाला लटकू लागले. ओट्यावर एकट्या बसलेल्या सुभेदारांचा चहा मात्र रोज बशीतच निवून जाई.

रिपोर्ट आला. हाडं स्वच्छ होती. सुभेदार इस्त्रीचा शर्ट घालून पेढ्यांचे पुडे वाटायला निघाले. पहिल्याच घराच्या खिडकीतून आवाज आला, "लय आनंद झाला, सुभेदार. तिथंच फाटकाला अडकवा."

संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या सगळ्या फाटकांना पेढे लटकत होते.