ती कुठे गेली होती?

कादंबरी बाजारात आली त्या आठवड्यात मी बँकेतून सुटले की रोज नाशिकच्या रविवार कारंज्याजवळच्या एका पुस्तकाच्या दुकानात जायचे. दुसरीच पुस्तकं चाळतेय असं दाखवायचे आणि डोळे मात्र माझ्या पुस्तकावर. ते पाककृतींच्या पुस्तकांशेजारी मागच्या रांगेत उभं केलेलं होतं. एकदा आजूबाजूला कोणी नाही असं बघून मी ते पुढं ओढून ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते परत मागं. पुन्हा ओढायला गेले तर दुकानदार म्हणाले, "मॅडम, हे तुमचंच ना? मागं फोटो आहे." मला इतकी लाज वाटली की लोणच्यांचं एक पुस्तक विकत घेऊन मी बाहेर पडले.

वयाच्या पंचेचाळिशीत पहिलं पुस्तक आलं होतं. वाटलं होतं, लिहून झालं की सुटले. पण पुण्याहून प्रकाशकांचा फोन यायचा, "लिहून भागत नाही हो आता. लेखकाला दिसत राहायला लागतं." मग मी दिसायला लागले. एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या मागं दिसतील अशी उभी राहून, हातात पुस्तक धरून मोबाइलवर व्हिडिओ केला. वाऱ्यानं केस तोंडात जात होते. गेटवरचा वॉचमन येऊन विचारून गेला, "ताई, काय विकताय?" त्याचं चुकलं नव्हतं.

कादंबरी त्या वीजकेंद्राच्या कॉलनीतली आहे, कारण माझं लहानपण तिथं गेलं. बाबा केंद्रात ऑपरेटर होते. कादंबरीतली बाई एका सकाळी नवऱ्याचा डबा भरते, मुलीची वेणी घालते आणि निघून जाते. काही दिवसांनी परत येते, पदर खोचते आणि कुकर लावते. तिला कोणी काही विचारत नाही. ती कुठे गेली होती ते पुस्तकात शेवटपर्यंत येत नाही.

त्यामुळे प्रत्येक कार्यक्रमात तोच प्रश्न यायचा. कॉलेजरोडच्या वाचक गटात, नाशिकरोडच्या ग्रंथालयात, यूट्यूबवरच्या मुलाखतीत. ती कुठे गेली होती? माझं उत्तर पाठ झालेलं होतं, "ते वाचकानं ठरवायचं." लोक माना डोलवायचे. मग पाठोपाठ दुसरा प्रश्न, "हे तुमच्या घरात घडलेलं आहे का?" "छे, सगळं काल्पनिक." हे म्हणताना मी पहिल्या रांगेत बसलेल्या बाबांकडे बघायची नाही. ते एकही कार्यक्रम चुकवत नसत. इस्त्रीचा शर्ट घालून येत, शेजारच्या अनोळखी माणसाला "माझी मुलगी" असं सांगत आणि सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवत.

खरं असं होतं की मी पाचवीत असताना आई काही दिवस घरात नव्हती. ती सायखेड्याला माहेरी गेलीय, असं बाबांनी मला सांगितलं. पण त्याच उन्हाळ्यात आम्ही सायखेड्याला गेलो तेव्हा मामी तिला म्हणाली, "दिवाळीपासनं तोंड दाखवलं नाय बाई तू." मी तिथंच होते. मी आईकडं बघितलं, आई ताक ढवळत राहिली. तेव्हापासून मला ठाऊक होतं की ती सायखेड्याला नव्हती. मी विचारलं नाही. आधी भीती वाटायची, नंतर संकोच वाटायला लागला, आणि मग लिहायलाच बसले.

आईला मी पुस्तक दिलं होतं. ते टीव्हीच्या मागं प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेलं दिसायचं. तिनं वाचलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. कार्यक्रमाला चल म्हटलं की तिचे गुडघे दुखायचे. मला झोप लागेनाशी झाली. बँकेत काउंटरवर बसून मी दर पाच मिनिटांनी मोबाइल उघडायची. कोणी काय लिहिलंय ते बघायला, असं मी स्वतःला सांगायची. खरं तर कोणीतरी आईला ओळखेल याची धास्ती होती. आणि कोणीच ओळखलं नाही, याचंही का कोण जाणे, वाईट वाटायचं.

अशात सायखेड्याच्या वाचनालयातून बोलावणं आलं. संक्रांतीनंतरचे दिवस. तिथल्या ग्रंथपाल बाईंनी हळदीकुंकवाला जोडूनच पुस्तकावर गप्पा ठेवल्या होत्या. मी आईला सहज सांगितलं. ती म्हणाली, "मी येते."

"गुडघे?"

"गाडीतच तर बसायचंय."

गाडी मी चालवत होते, बाबा माझ्या शेजारी, आई मागं तिळाच्या लाडवांचा डबा मांडीवर घेऊन. रस्ताभर मी बोलत राहिले: रस्ता किती चांगला झालाय, ऊस किती वाढलाय. बाबा एकदा म्हणाले, "समोर बघ." गोदावरीचा पूल आला तशी आईनं काच खाली केली.

वाचनालयाच्या सभागृहात सतरंजीवर बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या, मागं खुर्च्यांवर काही म्हातारे पुरुष. आई दुसऱ्या रांगेत मामीशेजारी बसली. पुस्तक फार जणींनी वाचलेलं नव्हतं, म्हणून मी बाई घरातून निघते तो भाग वाचून दाखवला. वाचून झालं आणि पुढं बसलेल्या एका आजींनी विचारलं, "मंग? गेली कुठं ती?"

"ते मी वाचकावर सोपवलंय," मी म्हटलं.

"आसं कसं गं बाई? आमच्यावर काय सोपवती? लिहिणारीला ठाऊक पाहिजे ना!"

सभागृह हसलं. मामी बसल्या जागेवरून म्हणाली, "माहेरालाच गेली आसंल. बाई दुसरीकडं कुठं जाती?"

आणि आई म्हणाली, "माहेरी नव्हती गेली ती."

ती उठली नाही, की आवाजही चढवला नाही. पण शेजारच्या बायका तिच्याकडं वळल्या. त्या आजींनी विचारलं, "मंग कुठं?"

"दिंडोरीला. शाळेतली मैत्रीण होती तिची तिथं. मैत्रिणीच्या सासरी द्राक्षाचा बाग होता. काढणी चालू होती आणि पेट्या भरायला बाया कमी पडत होत्या. मग ही बसली शेडमध्ये. कात्रीनं घडातले खराब मणी काढायचे आणि पेटी भरायची. दिवसभर तेच."

"नवऱ्याशी भांडण झालं व्हतं?"

"नाही. नवरा चांगला होता."

"सासू?"

"सासूही बरी होती. गावाला राहायची."

"मंग लय येडी म्हणायची की!"

आई हसली. "आपण एकटीनं कमवून राहू शकतो का, एवढंच तिला बघायचं होतं. लग्नाआधी बघायचं राहून गेलं होतं."

"मंग जमलं का?"

"जमलं की."

"जमलं तं परत कशाला आली?"

"पोरगी होती घरी," आई म्हणाली. "आणि जमतं हे कळलं म्हणजे तिथंच राहायला पाहिजे असं थोडंच आहे?"

आजींनी मान हलवली आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या, "हे लिहायला पाहिजे व्हतं तुम्ही. हे चांगलं हाये."

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी "हो" म्हटलं. मामी आईकडं टक लावून बघत होती, तिला सगळं उमगलं असावं. बाबा माइकच्या वायरकडं बघत बसले होते. मग हळदीकुंकू झालं, लाडू वाटले, कोणी फोटो काढले. माझ्या सहीसाठी दोन-तीन जणी आल्या आणि आईभोवती ही गर्दी.

परतीच्या वाटेवर मी उसाबद्दल काही बोलले नाही. मग मागून आईचा आवाज आला, "बसमध्ये ती रडते असं लिहिलंयस तू. कशाला रडेल? खिडकीजवळची जागा मिळाली होती."

म्हणजे तिनं वाचलं होतं.

"कधी वाचलंस?"

"दिलंस त्याच दिवशी."

"मग बोलली का नाहीस?"

"तू कुठं विचारलंस? एवढंसं विचारायचं सोडून अख्खं पुस्तक लिहून काढलंस."

मी उगाचच पुढच्या ट्रॅक्टरला हॉर्न दिला.

जेलरोडला आई-बाबांच्या फ्लॅटवर पोचलो तर उन्हं कलली होती. आईनं चहा टाकला. आम्ही स्वयंपाकघरातच बसलो. मला बाबांच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. इतक्या वर्षांची झाकली गोष्ट, ती मी चव्हाट्यावर आणली होती, आणि वर गावोगाव तिची जाहिरात करत हिंडत होते. बाबांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि आईला विचारलं, "द्राक्षं कुठल्या जातीची होती? थॉमसन?"

"हो. लांब मण्याची."

"गोड होती?"

"काम करताना कोण खायला देतंय? शेवटच्या दिवशी दिली मैत्रिणीनं."

बाबांनी चहा संपवला. बशी खाली ठेवत म्हणाले, "तेव्हा तुझा भाऊ आला होता कॉलनीत. सायखेड्याहून मेथीच्या जुड्या घेऊन."

आई ओट्याकडून वळली. "कधी?"

"तू नव्हतीस तेव्हाच. ताई कुठंय म्हणाला. मी म्हटलं, झोपलीय, जागरण झालंय, उठवू नकोस. चहा करून दिला त्याला आणि पाठवून दिलं."

म्हणजे ती माहेरी नाही हे बाबांना तेव्हापासून कळलेलं होतं. मला त्यांनी सायखेडा सांगितलं, मामाला झोप सांगितली, आणि पुढं कधी एका शब्दानं काही विचारलं नाही.

मला वाटलं, आता आई रडणार. पण ती म्हणाली, "दिवसाढवळ्या झोपलीय? अहो, मी कधी झोपते दिवसा? त्यानं ऐकून तरी कसं घेतलं?"

"मलाही तेच वाटलं," बाबा म्हणाले. "पण निघून गेला बिचारा."

मग आईला हसू आलं आणि ते आवरेना. बाबाही हसायला लागले. "आणि त्या मेथीचं काय केलंत?" आईनं विचारलं. "काय करणार? मी आणि ही, रोज मेथी." त्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं. मला मेथी आठवत नव्हती. मी त्या दिवसांवर एवढं पुस्तक लिहिलं होतं आणि त्यात मेथीचं एक पान नव्हतं.

तेवढ्यात प्रकाशकांचा मेसेज आला, आजच्या कार्यक्रमाचे फोटो पाठवा. मी मोबाइल उलटा ठेवला. आई आता बाबांना शेडमधल्या बायकांबद्दल सांगत होती, कोण गाणी म्हणायची, कोणाच्या हाताला कशी भराभर गती होती. बाबा मध्येच काहीतरी विचारायचे. माझ्याकडं दोघांचं लक्ष नव्हतं. मला निघायचं होतं, सकाळी बँक होती, पण उठवत नव्हतं. हे सगळं मनात टिपून ठेवावं की नुसतं ऐकावं, ते कळत नव्हतं, आणि तोवर आई पुढचं सांगायला लागली होती.