कूलर, पापड आणि चाळीस एमबी

हसणार नाही असं वचन मी मागत नाही, तुम्ही ते पाळणार नाही. सरळ कबूलच करतो: आमच्या कॉलेजचा पहिला कॉम्प्युटर मी भिजवून मारला. तोही मे महिन्यात. आणि परभणीत! जिथं मे महिन्यात माठातलं पाणीसुद्धा दुपारपर्यंत टिकत नाही, तिथं!

नव्वदच्या आसपासची गोष्ट. विद्यापीठाचं नाव अजून बदललं नव्हतं आणि माझे केस काळे होते. मी गणित शिकवायचो. पुण्याला पंधरा दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आलो आणि स्वतःला शास्त्रज्ञ समजायला लागलो. तोवर काम गावातल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये चालायचं: ज्याचा प्रोग्रॅम त्याच्या फ्लॉपीवर, आणि फ्लॉपी त्याच्या पिशवीत, डब्याशेजारी. मी फर्मान काढलं: गबाळेपणा बंद! सगळ्यांचे प्रोग्रॅम कॉलेजच्या एकाच नव्या मशीनवर, सगळ्या फ्लॉप्या त्याच खोलीतल्या कपाटात, आणि किल्ली माझ्याकडे.

सगळ्यात मोठा प्रोग्रॅम गायकवाड मॅडमचा. सोनपेठहून रोज एसटीनं यायच्या, संख्याशास्त्र शिकवायच्या, पण तासिकेवर. वर्षभर खपून त्यांनी निकाल लावायचा प्रोग्रॅम लिहिला होता. प्राचार्यांनी शब्द दिला होता, यंदाचा निकाल मशीनवर लागला की मॅडमची नोकरी कायम.

"नीट राहतील ना सर?" फ्लॉप्या देताना मॅडमनी विचारलं.

"मॅडम, घरात सोनं ठेवत नाहीत इतकं जपून ठेवतो!"

मशीनला काय काय लागतं, याचा एक छापील कागद आला होता. चाळीस एमबीची हार्ड डिस्क, स्टॅबिलायझर, थंड खोली, धूळ नको. तो घेऊन मी प्राचार्यांपुढं उभा राहिलो.

"चाळीस एमबी म्हंजी किती वो?"

"सर, आख्ख्या कॉलेजचं काम मावून उरेल."

"बरं. अन् एसी कशाला? मलाच एसी न्हाई, त्या डब्याला कुठून देऊ?"

मग माझं डोकं चाललं. कुठं चाललं, ते मला तेव्हा कळलं नाही. मी वाळ्याच्या ताट्यांचा भलामोठा कूलर खोलीत बसवला. धूळ येऊ नये म्हणून खिडक्यांच्या फटी कागद आणि खळीनं चिकटवून टाकल्या. खाली सतरंजी, चपला बाहेर. काय गारवा! काय तो वाळ्याचा वास! अजून कुठं वाळा हुंगला की मला ती खोली आठवते आणि जीव हळवा होतो. सगळी स्टाफरूम दुपारी तिथं येऊन बसायची. प्राचार्य तर हजेरीपट घेऊन यायचे आणि डुलक्या काढून जायचे.

शेख मामा, आमचे शिपाई, तेवढे खूश नव्हते.

"सर, कूलरला खिडकी लागती. हवा वली होयलीय. मशिनीला सर्दी होईल."

"मामा, कागदात थंड लिहिलंय. कोरडं लिहिलेलं नाही!"

दुसऱ्या दिवशी मामांनी घरून भाजलेला पापड आणला आणि मॉनिटरवर ठेवला. दोन तासांत पापड चक्क रुमालासारखा लोंबला.

"बघा सर."

मी काय केलं असेल? खाऊन टाकला!

निकालाचा आठवडा आला. मॅडम एसटीतून उतरून थेट खोलीत. मी ऐटीत बटण दाबलं. फट्! धूर, जळका वास, आणि पडदा काळा. "फ्लॉप्या आहेत ना!" म्हणत मी कपाट उघडलं. प्रत्येक फ्लॉपीवर पांढरी बुरशी! शिळ्या भाकरीवर येते तशी.

मॅडम स्टुलावर बसल्या. "किल्ली तुमच्याकडंच होती ना सर?" एवढंच म्हणाल्या. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

नांदेडहून इंजिनियर आला. ओलसर सतरंजीवर पाय ठेवताच म्हणाला, "इथं धान लावायलाय का तुमी?" मग त्यानं तो छापील कागद मागितला आणि उलटा केला. मागच्या बाजूला पहिलीच ओळ: दमटपणा पूर्ण टाळावा. आता सांगा, कागदाला मागची बाजू असते हे पुण्यात शिकवलं होतं का कुणी?

त्यानं जळलेले भाग बदलले, नवी डिस्क बसवली. पण रिकाम्या डिस्कवर निकाल कसा लागणार? दुसऱ्या दिवशी मॅडम जाडजूड वही घेऊन आल्या. पानापानात कडुनिंबाचा पाला. अख्खा प्रोग्रॅम, ओळीनं ओळ, शाईनं लिहिलेला.

"माय ज्वारीत पाला घालती सर. मी वहीत घातला. पेटीत होती, पत्र्याच्या."

चार दिवस खिडक्या सताड उघड्या ठेवून, घामानं थबथबत, मी वाचत गेलो आणि मॅडम टाइप करत गेल्या. निकाल लागला. मॅडम कायम झाल्या. पोटभर पेढे खाल्ले, सगळ्यांत जास्त मी.

त्या खोलीची किल्ली मग मॅडमकडे गेली आणि मॅडमनी ती शेख मामांना दिली. मी मशीनवर बसलो की मामा एक भाजलेला पापड आणून माझ्यापुढं ठेवायचे. मी निवृत्त होईपर्यंत! आणि सांगतो, पुन्हा तो खायची माझी हिंमत झाली नाही.