औषध जागचं हललं नाही

माझी वहिनी म्हणजे गरीब गाय, असं ज्याला वाटतं त्याने तिला एकदा संगणकासमोर बसलेली बघावी. औषधांवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत ती रेणूंची ॲनिमेशन करते. मी तिथेच हिशेब विभागात आहे. तिला तिथे चिकटवलं मीच, त्यामुळे तिने काही उद्योग केला की लोक आधी माझ्याकडे बघतात. नणंद होण्याची हौस फिटली माझी!

तिचं काम ऐकायला सोपं आहे. रेणूतले अणू एक क्षण गप्प बसत नाहीत. सगळे जसेच्या तसे दाखवले तर बघणाऱ्याला गरगरेल. म्हणून काही अणू निवडायचे आणि पडद्यावर जागच्या जागी धरून ठेवायचे, म्हणजे बाकीचे त्यांच्याभोवती कसे हलतात ते नीट दिसतं. कोणाला धरायचं, यातच सगळी मेख. वहिनी नेहमी भलंमोठं प्रोटीन धरते आणि त्याच्या खाचेत औषधाचा चिमुकला रेणू टिकतो का, ते दाखवते; टिकला तरच औषध गुण देणार.

या वेळचं औषध आमच्या मोठ्या साहेबांचं फार लाडकं. ते बघायला बाहेरची समिती येणार होती, आणि वहिनीची नोकरी पुढे चालू ठेवायची की नाही, याचा कागदही त्याच आठवड्यात साहेबांच्या टेबलावर होता. दादाचं दुकान नुकतंच बंद पडलेलं, घर तिच्याच पगारावर चाललेलं. मी तिला बजावलं, "वहिनी, या वेळी तोंडाला कुलूप!"

साहेब आले, उभ्या उभ्या अर्धं ॲनिमेशन बघितलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "औषध किती वळवळतंय हे!"

"सर, ते खाचेत बसतच नाहीये. पुढे बघा ना, शेवटी..."

"मला वेळ नाही. औषध मधोमध हवं. केसभरही हलता कामा नये."

"बरं, सर," वहिनी म्हणाली.

हे 'बरं' मला चांगलं ठाऊक आहे. एकदा आईने भाजीत आणखी मीठ घाल म्हणून हट्ट धरला, तेव्हाही ती असंच 'बरं' म्हणाली होती. त्या दिवशी आम्ही सगळे नुसतं पाणी पीत बसलो होतो.

समिती आली. मी मागच्या खुर्चीत जीव मुठीत धरून बसले. पडदा उजळला. मधोमध औषध, अगदी शहाणं बाळ! आणि त्याच्याभोवती ते प्रोटीनचं धूड थडाथड उडायला लागलं. डावीकडे गेलं, उजवीकडे आपटलं, मग गिरकी घेऊन निघालं ते थेट पडद्याबाहेर! काळ्या पडद्यावर औषध एकटंच उरलं. आमच्या वहिनीबाईंनी या वेळी औषधाचे अणू धरून ठेवले होते.

कोणीतरी फिस्सकन हसलं. गेली नोकरी, असं म्हणून मी डोळे मिटले. समितीतल्या चष्मेवाल्या बाईंनी विचारलं, "औषध धरून ठेवायचं कोणी ठरवलं?"

साहेबांचा चेहरा पांढराफटक. वहिनीने एक बोट दाखवलं असतं तर त्यांची पुरती शोभा झाली असती. आणि खोटं कशाला बोलू, ती व्हावी असं मला फार वाटत होतं.

वहिनी उठली. "सर म्हणाले, सगळ्यांची नजर औषधावर हवी. म्हणून ते मधोमध धरलं. ते खाचेत टिकत नाही, हे तुम्ही बघितलंच."

"लपवलं नाहीत, हे बरं केलंत," बाई म्हणाल्या. "रेणूत बदल करा आणि पुन्हा दाखवा."

साहेबांनी घसा खाकरला. "हो, हो. तोच उद्देश होता." हसू दाबता दाबता माझे गाल दुखायला लागले.

दुसऱ्या दिवशी साहेब नोकरीचा कागद घेऊन वहिनीच्या टेबलापाशी आले. मी तिथेच मुद्दाम घुटमळत होते. सही अजून झालेली नव्हती.

"तुम्ही मला जाणूनबुजून तोंडावर पाडलंत," साहेब म्हणाले.

"हो, सर. जाणूनबुजून."

अगं बाई, कालच्यासारखं आताही थोडं खोटं बोल!

साहेबांनी खुर्ची ओढली आणि बसले. "पुढच्या वेळी मला आधी शेवटपर्यंत बघायला लावा."

"आणि तुम्हाला वेळ नसला तर?"

साहेबांनी खिशातून पेन काढलं.

"तर हेच करा," म्हणाले आणि सही केली.