काशीला सोडलेले तीळ

माझ्या साडूंएवढा व्रताचा पक्का माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात नाही, असं मी वीस वर्षं छातीठोकपणे सांगत आलो. काशीला गेलं की माणसं एखादा पदार्थ सोडून येतात. कोणी वांगी सोडतं, कोणी पेरू. आमच्या वणीच्या साडूंनी तीळ सोडले होते. काशीला सोडलेलं कोणी वाढत नाही, हे बरं. नाहीतर आमच्याकडे पाहुणा ताटावर आडवा पडला तरी वाढणारा ऐकत नाही.

पण हा माणूस मला कधी उमगला नाही. चतुर्थीला मटणावर ताव मारणार, देवळात गेलाच तर बाहेर चपला राखत बसणार, आणि तिळाच्या बाबतीत मात्र सोवळ्यातल्या म्हातारीलाही लाजवणार. जन्म कोळशाच्या खाणीत गेला, काळ्या हातांनी भाकर खाल्ली; पण आमच्याकडे जेवायला आले की खिशातून स्वतःचा चमचा काढायचे. मग थेट स्वयंपाकघरात जाऊन विचारायचे, "या सुरीनं आधी काय कापलं?" एका संक्रांतीला मी नुसती रीत म्हणून हातावर तिळाचा लाडू ठेवला, तर त्यांनी तो रुमालात धरला आणि नंतर मोरीवर अर्धी साबणवडी संपवली. मी म्हटलं, केवढी ही निष्ठा! मग चतुर्थीचं मटण कुठल्या शास्त्रात बसतं, ते काही केल्या कळेना.

गेल्या वर्षी त्यांच्या मुलीला नोकरी लागली आणि तिनं यवतमाळातल्या एका नव्या हॉटेलात सगळ्यांना सुशी खायला बोलावलं. मी आणि बायको आधी पोचलो. वेटरनं विचारलं, कोणाला काही चालत नाही का? आता, शाकाहारी की मांसाहारी याच्यापुढे हॉटेलात काही विचारतात हेच मला नवीन. मी रुबाबात सांगितलं, आमच्या साडूंना तीळ नको, काशीला सोडलेत. तो बिचारा भला माणूस. म्हणाला, वरचे तीळ लावत नाही, पण आतल्या सारणाला तिळाचं तेल आहे, चालेल? मी जागच्या जागी शास्त्रार्थ केला. सोडले ते तीळ, तेल कुठं सोडलं? बिनधास्त आणा.

साडू आले. थंड भाताच्या गुंडाळ्या आल्या. वरचा काळा कागद सोलायचा की त्याच्यासकट खायचं, यात आमची दहा मिनिटं गेली. साडूंनी चमचा काढला आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, सांगून ठेवलंय. माझ्या शब्दावर त्यांनी एक गुंडाळी तोंडात टाकली.

बघता बघता त्यांचे ओठ सुजले आणि श्वासाला घरघर लागली. मी मूर्खासारखा विचार करतोय, देव इतक्या लवकर कोपतो? तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं.

"मी काशीले गेलोच नाही, भाऊ. मले तीळ सोसत नाही. दवाखान्यात ने."

मुलीनं गाडी पळवली. दवाखाना जवळ होता, इंजेक्शन वेळेवर मिळालं, म्हणून आज हे लिहितोय. तासाभरानं त्यांना नीट बोलता आलं. पूर्वी ते खरंच सांगत असत म्हणे. लोक म्हणत, थोडंसं खा, एवढ्यानं काय होते? असं दोनदा मरता मरता वाचले, तेव्हा त्यांनी काशी काढली. "आजाराले कोणी मानत नाही," ते म्हणाले, "देवाले मानतेत." मला इतकी लाज वाटली की वर बघवेना. लोकांसारखा आग्रह मी केला नव्हता. मी तर देवाच्या नावानं परवानगीच देऊन बसलो होतो.

या संक्रांतीला वणीला गेलो तो नुसता गूळ घेऊन. सुरी नवी, डबा नवा, हे दारातच सांगितलं. साडूंनी सवयीनं विचारायला तोंड उघडलं, चमच्यासाठी हात खिशाकडे गेला. मग काय वाटलं कोण जाणे, हात तसाच मागे आला आणि त्यांनी बोटांनीच गुळाचा खडा उचलून तोंडात टाकला. ते खाणीतल्या गमती सांगू लागले. मी हं हं करत होतो, पण बराच वेळ नुसता त्यांच्या ओठांकडे बघत बसलो.